उणे तीन शेंगदाणे

मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या हाती एक्सरेची फिल्म पडली, की तो ती आधी ट्यूबलाइटसमोर धरतो, डोळे बारीक करतो आणि ‘हं’ म्हणतो. या ‘हं’ला वैद्यकशास्त्रात काडीची किंमत नाही, पण घरात फार आहे. सासरेबुवांच्या छातीपासून शेजारच्या वहिनींच्या गुडघ्यापर्यंत कितीतरी अवयवांवर मी आजवर हा ‘हं’ उच्चारला आहे, आणि त्यातले निदान काही अवयव मी सुलटे धरले होते असा माझा समज आहे. पण माझ्याच पोटाचा सीटी स्कॅन हातात आला तेव्हा त्या भल्याथोरल्या फिल्मवर एक असं चित्रच नव्हतं. ओळीने चौकोनच चौकोन, प्रत्येकात माझाच एकेक काप, आणि मी ती फिल्म उभी धरली, आडवी धरली, शेवटी टाचा उंचावून थेट ट्यूबला टेकवली, तरी ‘हं’ काही फुटेना. बायको म्हणाली, “आधी चष्मा लावा.”

निमित्त मुतखड्याचं. डाव्या कुशीतून निघालेली कळ अशी काही जांघेपर्यंत गेली, की उभा जन्म बँकेच्या काउंटरमागे ताठ बसून काढलेला मी बैठकीच्या खोलीत गडाबडा लोळलो आणि लोळता लोळता टीपॉय पाडला. मग सल्ले सुरू झाले. कुळथाचं कढण झालं, पानफुटीची पानं चावून झाली, बार्लीचं पाणी झालं, वाचनालयातल्या एका स्नेह्याने बियर सुचवली तिला घरातून मंजुरी मिळाली नाही, आणि एवढं सगळं झाल्यावर खडा जागच्या जागी आणि मी मात्र कढणाने फुगलेला, अशा अवस्थेत डॉक्टरांसमोर उभा राहिलो. ते म्हणाले, “प्लेन सीटी करून घ्या, म्हणजे कळेल तरी.”

सीटीचं मशीन म्हणजे खोलीभर मोठा मेदूवडा उभा करून ठेवावा तसं असतं, आणि त्याच्या भोकातून आपल्याला फळीवर निजवून आत-बाहेर करतात. त्याआधी अंगावरचं धातूचं सगळं काढायला सांगितलं. मी घड्याळ काढलं, अंगठी काढली, पट्टा काढला, खिशातली चिल्लर मोजून दिली, पुन्हा मोजून घेतली, गाऊन घातला (नाड्या पाठीमागे बांधायच्या असतात हे नंतर कळलं), आणि मोठ्या समाधानाने हात डोक्यावर घेऊन पहुडलो. आधी एक साधं सपाट चित्र काढतात, कुठून कुठपर्यंत कापायचं ते ठरवायला. ते काढून होताच काचेपलीकडून माइकवर आवाज आला, “काका, तुम्ही किल्ली गिळलीय का?”

जानव्याला कपाटाची किल्ली. बँकेत असताना ही सवय जडली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही, जरी त्या कपाटात आता विजेच्या जुन्या बिलांखेरीज काही नसलं तरी. तंत्रज्ञ पोरगा सज्जन होता. बाहेर येऊन त्याने किल्ली सोडवली आणि समजावलं, की धातूतून एक्सरे जवळजवळ पार जातच नाहीत, मग गणित गोंधळतं आणि चित्रभर पांढऱ्या-काळ्या चिरा उमटतात. गणित कसलं, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. मग यंत्रातून रेकॉर्ड केलेला हिंदी आवाज आला, ‘सांस लीजिए. सांस रोकिए.’ मी श्वास घेतला. रोखला. आता सूचना आली आणि तिची पोच दिली नाही, असं मी सबंध नोकरीत कधी केलेलं नाही. त्यामुळे मी खणखणीत आवाजात सांगितलं, “रोखला!”

रोखलेला सगळा श्वास सांगण्यातच खर्च झाला.

संध्याकाळी भाचा आला. तो पुण्यातच एका कंपनीत असल्या यंत्रांची सॉफ्टवेअरं लिहितो, म्हणजे नेमकं काय करतो हे आम्ही लग्नाच्या स्थळांना आजवर ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगत आलो होतो. त्याने फिल्म घेतली, ट्यूबलाइटकडे न बघता टीपॉयवर ठेवली आणि म्हणाला, “मामा, मशीनने तुझा फोटो काढलेलाच नाहीये.”

मी पैसे परत मिळतील का, ते विचारलं.

तसं नव्हतं. त्या मेदूवड्यात एका बाजूला एक्सरेची नळी असते आणि समोरच्या बाजूला कमानीत लावलेले शेकडो शोधक; दोन्ही मिळून आपल्याभोवती गरगर फिरतात आणि एका फेऱ्यात हजारेक वेळा नोंद करतात. नोंद काय, तर या रेषेवरून इतके किरण आत सोडले, त्यातले इतके बाहेर आले. शाळेत ज्या लॉग टेबलाने आपल्याला छळलं ते इथे लागतं: आत किती, बाहेर किती, याच्या गुणोत्तराचा लॉग काढला की त्या रेषेवर कातडी, चरबी, आतडं, हाड, खडा यांनी किती किरण अडवले त्याची एकूण बेरीज मिळते. फक्त बेरीज. त्यात हाडाचे किती नि आतड्याचे किती, कुठलं पुढे नि कुठलं मागे, हे यंत्राला ठाऊक नसतं. अशा लाखो बेरजा घ्यायच्या आणि त्यांवरून 512 उभ्या नि 512 आडव्या घरांच्या तक्त्यातलं प्रत्येक घर भरायचं. म्हणजे 2,62,144 रकमा अज्ञात.

“थोडक्यात, टोटल दिलीय, एंट्र्या शोधा,” भाचा म्हणाला.

आता मला सांगा, हे कोणासमोर बोलतो आहेस? दिवसअखेरीला कॅश टॅली होत नाही म्हणून शाखेतले दिवे मालवले जाईपर्यंत खतावण्या चाळलेला माणूस मी. फरक नऊने भागला जात असेल तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालीय, 54 चे 45 झालेत. दोनने भागला जात असेल तर निम्मी रक्कम जमेऐवजी नावे पडलीय, ही विद्या मी नव्या पोरांना फुकट शिकवलेली आहे. मी बाह्या सरसावल्या. “आण तुझ्या बेरजा,” म्हटलं.

भाच्याने स्वयंपाकघरातून पाट मागवला. त्यावर स्टीलच्या नऊ वाट्या, तीन ओळींत तीन-तीन, प्रत्येकीवर चहाची बशी झाकण म्हणून. बायकोने मला पाठमोरं बसवून त्यांत भाजलेले शेंगदाणे घातले. भाचा बशा उचलून मोजणार, मला फक्त बेरजा सांगणार.

“आडव्या ओळी: शून्य, नऊ, शून्य. उभ्या: शून्य, नऊ, शून्य.”

“मधली वाटी!” मी ओरडलो. बँकेतली अक्कल कुठे जात नाही.

“मामा, मशीनला अक्कल नसते. मशीनसारखं कर.” आणि त्याने यंत्राची रीत सांगितली. ज्या रेषेवर नऊ आहेत त्या रेषेवरच्या तिन्ही घरांत नऊची समान वाटणी करायची, कारण कुठे आहेत ते ठाऊक नाही. आडवी ओळ झाली, उभी झाली, दोन्ही तिरप्या रेषांवरही नऊच आले, त्यांचंही तसंच. सगळ्या वाटण्या एकावर एक टाकायच्या. मी कागदावर नऊ घरं आखून इमानेइतबारे तीन-तीन लिहीत गेलो आणि शेवटी बघतो तर मधल्या घरात 12, आणि भोवतालच्या आठही घरांत प्रत्येकी 3. एकूण 36. बायकोने मोजून नऊ शेंगदाणे घातले होते आणि माझ्या हातून त्यांचे छत्तीस झाले होते. नोकरीत हे जमलं असतं तर मी मॅनेजर होऊन निवृत्त झालो असतो, किंवा तुरुंगातून.

“बघ,” भाचा म्हणाला, “जिथे काही नाही तिथेही धुरळा आला. नुसत्या वाटण्या केल्या की चित्र असं विरघळतं. यावरचा उपाय म्हणजे वाटण्याआधी प्रत्येक बेरजेच्या दोन्ही शेजाऱ्यांना थोडं उणं करायचं. शून्य, नऊ, शून्यऐवजी उणे तीन, नऊ, उणे तीन.”

“उणे तीन शेंगदाणे?”

“हो.”

“म्हणजे वाटीत घालायचे कसे?”

स्वयंपाकघरातून आवाज आला, “बँकेत ओव्हरड्राफ्ट द्यायचात ना? तसेच.”

मी गप्प बसून उणे तीनची वाटणी उणे एक, उणे एक, उणे एक अशी केली. आडवी, उभी, तिरपी, दुसरी तिरपी. आणि खरं सांगतो, खाडाखोड करत शेवटच्या बेरजेला पोचलो तेव्हा जरा दचकलोच. मधल्या घरात 12 तसेच राहिले होते. मध्याला लागून असलेल्या चारही घरांत साफ शून्य. फक्त चार कोपऱ्यांत एकेक शेंगदाणा भुतासारखा शिल्लक. धुरळा बसला होता. नऊचे बारा का, हे मी विचारलंच. त्यावर, आकड्यांचं माप नंतर पाण्यावरून लावून घेतात, असं उत्तर मिळालं. या मापात पाणी म्हणजे शून्य आणि हवा म्हणजे उणे 1000. कोपऱ्यातल्या भुतांना चारच दिशांनी पाहिलं म्हणून ती उरली, हजार दिशांनी पाहिलं की जातात. या उणे करण्याला फिल्टर म्हणतात आणि त्याचं एक अतिशय सोपं, चटकन उरकणारं रूप 1971 मध्ये मांडलं ते जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी. जगभरच्या यंत्रांत आजही त्या फिल्टरला ‘राम-लॅक’ म्हणतात. रामचंद्रन हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले, प्रथिनांच्या रचनेत जगभर नाव कमावलेले. मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले. उणे शेंगदाणे सुचायला माणूस साधा नसतो.

चहा आला आणि भाचा खुलला. म्हणाला, हे गणित मुळात 1917 सालचं. योहान राडॉन नावाच्या ऑस्ट्रियन गणितज्ञाने, सर्व दिशांच्या सर्व रेषांवरच्या बेरजा ठाऊक असतील तर आतलं मूळ चित्र नेमकं काढता येतं, हे सिद्ध करून ठेवलं. कशासाठी उपयोगी पडेल याची फिकीर नाही. बरोबरच, त्याला मुतखडा नसणार. राडॉन 1956 मध्ये वारला, आणि त्याच साली तिकडे केपटाऊनमध्ये ॲलन कॉर्मॅक नावाचा एक पदार्थवैज्ञानिक तिथल्या इस्पितळात अर्धवेळ कामाला लागला. किरणोपचार देताना शरीरात कुठे किती किरण अडतात ते कोणालाच धड ठाऊक नाही हे त्याला खुपलं, आणि राडॉनचा पत्ता नसताना त्याने तेच गणित नव्याने स्वतः सोडवलं. लाकडाच्या कड्यात बसवलेली ॲल्युमिनियमची चकती तपासली, तर मध्यभागी आकडे किंचित वेगळे यायला लागले. शोध घेतल्यावर कळलं, की चकतीच्या मध्ये निराळ्या ॲल्युमिनियमची छोटी खुंटी ठोकलेली होती आणि ती याला माहीतच नव्हती. त्याचे निबंध 1963 आणि 1964 मध्ये छापून आले. जवळजवळ कोणी ढुंकून पाहिलं नाही. प्रत मागवणाऱ्यांत सर्वांत नवलाची चौकशी होती ती स्वित्झर्लंडच्या हिमकडे-संशोधन केंद्राची. डोंगरावरचा बर्फ याने मोजता येईल का म्हणून. माझ्या ‘काउंटरमागून’ या लेखमालेला याहून बरा प्रतिसाद होता. संपादकांनी ती स्वखर्चाने परत पाठवली होती.

आणि यंत्र प्रत्यक्ष उभं केलं ते गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनियरने, तेही ईएमआय कंपनीत. आपल्या घरी भावगीतांच्या तबकड्यांवर कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा असायचा ना, ती एचएमव्ही याच ईएमआयच्या गोतावळ्यातली. त्याने जुन्या लेथच्या सांगाड्यावर पहिली जुळणी केली. किरणांचा स्रोत इतका मिणमिणता, की एका नमुन्याच्या नोंदी घ्यायला 9 दिवस लागले आणि त्या बेरजा सोडवायला संगणकाला अडीच तास. मग एक्सरेची नळी आली आणि 9 दिवसांचे 9 तास झाले. 1 ऑक्टोबर 1971 रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली इस्पितळात पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला: 180 दिशा, प्रत्येकीत 160 नोंदी, म्हणजे 28,800 बेरजा, आणि त्यांतून 80 बाय 80 घरांचं चित्र. त्यात कपाळामागची गाठ दिसली. 1979 मध्ये कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड दोघांना वैद्यकाचं नोबेल मिळालं. दोघांपैकी डॉक्टर कोणीच नाही. एकाने डॉक्टरेट पुरी केलेली नाही, दुसऱ्याकडे विद्यापीठाची पदवी नाही.

हे ऐकून माझ्या बी.कॉम.ला एकदम उभारी आली.

“आता नऊच्या नऊ वाट्या भर,” मी फर्मावलं, “आणि मला ती पहिली, हाउन्सफील्डची रीत सांग. उण्याबिण्याची नको.” ती रीत अशी: आधी अंदाजाने सगळ्या घरांत काहीतरी लिहायचं. मग पहिल्या रेषेची बेरीज ताडून बघायची. कमी भरली तर उरलेला फरक त्या रेषेवरच्या घरांत सारखा वाटून टाकायचा, जास्त भरली तर तेवढा काढून घ्यायचा. मग दुसरी रेषा, तिसरी, असं सगळ्या रेषांवरून फिरत राहायचं. फिरता फिरता आकडे आपोआप खऱ्याच्या जवळ सरकतात. स्टेफान काचमार्झ या पोलिश गणितज्ञाने 1937 मध्ये ही युक्ती लिहून ठेवली होती. मधली अनेक वर्षं राम-लॅकच्या फिल्टरने ती मागे टाकली, कारण तो झटपट. पण आताचे संगणक दणकट झाल्यावर फेऱ्या मारत सुधारण्याची रीत नव्या रूपात परतली, कारण तिला कमी किरणांत, खरखरीत नोंदींतूनही बरं चित्र काढता येतं. मी कागदाची नवी बाजू काढली. पेन्सिलीला टोक केलं. नातीला पाटाजवळ बसवलं, बशा पडू नयेत म्हणून.

भाच्याने आडव्या ओळी सांगितल्या: 6, 11, 7. मग त्याचा फोन वाजला आणि तो गॅलरीत गेला, बराच वेळ गेला. आल्यावर उभ्या ओळी मोजल्या: 5, 10, 7.

मी कामाला लागलो. आडव्या जुळवल्या, वा! उभ्या ताडल्या, त्याही जुळवल्या. पुन्हा आडव्यांकडे आलो तर प्रत्येक ओळ दोन-तृतीयांश शेंगदाण्याने कमी. भरले. तर प्रत्येक उभी ओळ दोन-तृतीयांशाने जास्त. काढले. तर आडव्या पुन्हा तेवढ्याच कमी. दिवाबत्ती झाली, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, बातम्या झाल्या, बायकोने एकदा “अहो, बशी उचलून बघा ना, त्यात काय पेशंट आहे?” असं सुचवून पाहिलं, आणि मी त्या दोन-तृतीयांश शेंगदाण्याला इकडून तिकडे आणि तिकडून इकडे असा नाचवत राहिलो. मग एकदम बँक जागी झाली. आडव्यांची एकूण बेरीज केली, 24. उभ्यांची केली, 22. फरक दोन! दोनने भागला जातो! म्हणजे कुठेतरी एक शेंगदाणा जमेऐवजी नावे पडलाय. मी प्रत्येक घरातला तो एक शेंगदाणा शोधायला लागलो, आणि भात निवला.

शेवटी भाच्याने कागद ओढून घेतला. “मामा, रुग्णात जे आहे ते कुठल्याही बाजूने पाहिलं तरी एकूण सारखंच भरायला हवं. भरत नसेल तर पहिल्या नोंदीपासून दुसऱ्या नोंदीपर्यंत रुग्ण हलला. मग कितीही फेऱ्या मार, ते बसत नाही, गोल गोल फिरतं. सकाळी तू ‘रोखला’ म्हणून ओरडलास ना, तसंच. ही बघ फिल्म, खड्याची ही कडा दुहेरी दिसतेय.”

आणि खरंच त्याने बोट ठेवलेल्या चौकोनात एक पांढरा ठिपका होता, शेजारी त्याचीच फिकट सावली. हाच तो, ज्याने मला बैठकीच्या खोलीत लोळवलं. अहवालात 4 मिलिमीटर लिहिलं होतं, डॉक्टरांनी फोनवर पाणी प्या, आपोआप पडेल असं सांगितलं होतं, आणि माझी सगळी प्रतिष्ठा त्या तिळाएवढ्या गोष्टीसाठी खर्ची पडली होती.

“पण इथे पाटावर कोण हललं?” मी विचारलं.

सगळ्यांनी नातीकडे पाहिलं. तिचे गाल थोडे फुगलेले होते आणि मधल्या वाटीवरची बशी तिरकी बसली होती.

“दोन खाल्लेस ना गं?” मी विजयाने म्हणालो. अखेर टॅली झाली होती. चोवीस वजा दोन, बावीस. मी कागदाखाली दोन रेघा मारून सहीसुद्धा केली.

नातीने तोंडातलं गिळलं आणि बोटं मोजली.

“दोन नाही, आजोबा. तीन.”

मी पेन्सिल पुन्हा उचलली.